फुलपाखरांचं घर

दर शनिवारी हे गृहस्थ वाशिंदहून धसईला येतात आणि माझ्या शेताला लागून असलेल्या आपल्या बंगल्याच्या बागेत उभे राहून मला झाडं शिकवतात. माझा जन्म याच रानात गेला, हे त्यांच्या गावीही नसतं. दर दोन वाक्यांमागे ‘देशी’ म्हणतात, तेही डोळे मिटून, देवाचं नाव घेतल्यासारखं. बहाव्याखाली त्यांनी पाटीसुद्धा लावलीय : फुलपाखरांचं घर.

आषाढात त्या बहाव्यावर हिरव्या अळ्या आल्या. पानांची चाळण झाली. यांनी उघडीप बघून पाठीवर पंप चढवला आणि औषधानं अख्खं झाड धुऊन काढलं. बागेत खुरपणीला आलेली पाड्यावरची म्हातारी म्हणाली, “शेट, मारू नका. यांचीच फुलपाखरं होतात, दुसरी कुठून नाय येत.”

“तुम्हाला नाही कळायचं, मावशी. देशी झाड आहे ते.”

संध्याकाळी पाटीखाली मेलेल्या अळ्यांचा सडा पडला होता. तो मावशीनंच झाडला.

परवा कुंपणाशी येऊन मला म्हणाले, “गुरुजी, यंदा एक फुलपाखरू दिसलं नाही हो. तुम्ही लोक शेतात औषधं मारता ना, त्यानं.”