पाच पिनांचा लाल प्लग

आमच्या बचत गटाची धान भरडायची मशीन आली, त्या दिवशी टेम्पोमागे अर्धं गाव धावलं. सिंदेवाहीपासून आत, जंगलाला लागून आमचं गाव. तोवर धान डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जावं लागायचं. मशीन जागेवर बसली आणि गटाच्या अध्यक्ष, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वायरचं टोक हातात घेऊन बघतच राहिल्या. मुठीपेक्षा मोठा लाल प्लग, त्याला पाच जाड पिना. भिंतीवर मात्र थ्री फेजच्या नव्या मेन स्विचशेजारी घरातल्यासारखं तीन भोकांचं सॉकेट.

"आता हे कुठी खुपसाचं वं?"

"प्लग तोडून टाका, वायरी तशाच जोडू," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाई!" मी ओरडले आणि जाऊबाईंच्या हातातून वायर घेतली.

लग्नाआधी मी चंद्रपूरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. इथे आल्यापासून मिक्सर आणि पंख्यापलीकडे हात गेला नव्हता. मोटरवरची पाटी मी अधाशासारखी वाचली. दहा हॉर्सपॉवर, थ्री फेज, चारशे पंधरा व्होल्ट. प्लगवर बत्तीस अँपिअर कोरलेलं. मी प्लग खोलून पिशवीत टाकला आणि जाऊबाईंना घेऊन सिंदेवाहीची बस पकडली.

दुकानदाराने निळं सॉकेट पुढे केलं. "घ्या बाई, हेही बत्तीसचंच आहे."

"निळं सिंगल फेजचं, भाऊ. आमची मोटर थ्री फेजची. लाल दाखवा."

त्याने लाल आणलं, पण चार पिनांचं. मी पिशवीतला प्लग काउंटरवर ठेवला. आता त्यालाही चेव आला. शिडी लावून त्याने वरच्या फळीवरचे खोके उतरवले. पाच पिनांचं लाल सॉकेट निघालं, प्लग आत सरकला आणि झाकण खट्कन बसलं. जाऊबाईंनी दुकानातच टाळी वाजवली.

गावात परतून मी मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली, सॉकेट बसवलं, प्लग पुन्हा मशीनच्या वायरला जोडला, अर्थिंगचा स्क्रू पुन्हा एकदा आवळला. पट्टा न चढवता नुसती मोटर सुरू करायला सांगितली. जाऊबाईंनी बटण दाबलं. मोटर घुमली, पण तिच्यावर रंगवलेल्या बाणाच्या उलट दिशेने.

"बिघडली का वं?" त्यांचा चेहरा उतरला.

"नाई बाई, उलटी फिरून राह्यली फक्त."

सगळं बंद करून, प्लग काढून मी त्यातल्या दोन फेजच्या वायरींची अदलाबदल केली. या वेळी मोटर बाणाच्या दिशेने सुटली. पट्टा चढवला, जाऊबाईंनी स्वतःचं धान ओतलं आणि खालून पांढरा तांदूळ झरू लागला. त्यांनी मूठभर उचलून माझ्या ओंजळीत टाकला. गरम होता.

"आणा वं आपापली पोती!" त्या बाहेर जाऊन ओरडल्या.

त्या संध्याकाळी गावात कुणाचीच चूल वेळेवर पेटली नाही.