वेल्डरने कापलेलं चेंबर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावात बाळंतपणं करणारी डॉक्टर. माझ्या जुन्या गाडीचं इंजिन कायमचं बसलं, म्हणून दुसऱ्या गाडीचं आणलं. पण त्याच्याखालचं तेलाचं चेंबर गाडीच्या आडव्या दांड्याला अडत होतं. ते घेऊन घोडपदेवच्या ओळखीच्या वेल्डरकडे गेले, तर नेमका हरताळ.

"आज काम बंद ना?" मी विचारलं.

"बंदच, बाई. पण बाळंतिणी थांबतील काय?" म्हणत त्याने दुकान उघडलं. चेंबर पुढून कापून उथळ केलं, तेल कमी पडू नये म्हणून मागे खोल केलं. रॉकेल भरून पाहिलं, थेंबही गळला नाही.

इंजिन नीट बसलं आणि त्याच आठवड्यात परळच्या एका चाळीत मी त्या गाडीने वेळेवर पोचले आणि आडवं आलेलं मूल वाचलं. आई माझे आभार मानू लागली, तेव्हा मी तिला त्या वेल्डरबद्दल सांगितलं.