गाळ बसेपर्यंत

पंक्चरच्या दुकानासमोर रबराचा वास आला, की मला डायव्हिंगचा तो मास्क आठवतो. कोकणात बुडालेल्या एका बोटीचे फोटो काढायला आम्ही काही जण निघालो होतो. शिकवणारा हसून म्हणाला, "ताई, तुम्ही धुळ्याकडच्या. होडीतच बसा." मी कॅमेरा मनगटाला बांधला आणि उडी मारली.

खाली सगळ्यांनी पाय झाडले, गाळ उसळला आणि बोटच दिसेना. एकेक जण वर गेला. शिकवणाऱ्याने मलाही खूण केली. मी त्याला हवेचा काटा दाखवला, अर्धी टाकी शिल्लक होती, आणि गंजका कठडा धरून थांबले. शिंदखेड्याला आमच्या विहिरीत मोटारीच्या पाइपाची जाळी तुंबली, की आबा मलाच उतरवायचे. काठावरून ओरडायचे, "पाय हालावू नको, पोरी! गाळ खाले बसू दे, मंग बठ्ठं दिसस."

पाणी निवळलं, सगळं दिसू लागलं. सुकाणूमागून चंदेरी माशांचा घोळका निघाला आणि मी बटण दाबलं.

तेव्हा वाटलं, शिकवणाऱ्याची जिरवली. आता तो फोटो मला आबांच्या विहिरीचाच वाटतो.

वर आल्यावर त्याने विचारलं, "कुठल्या समुद्रात शिकलात?"

"शिंदखेड्याच्या," मी म्हणाले.