भोक न पाडता बसवलेला एसी

"इतिहासाला ड्रिल लावायचं नसतं," अण्णासाहेब म्हणाले.

मी हातातलं ड्रिल खाली ठेवलं. इतिहास कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये जॅकवर उभा होता आणि त्याच्याखाली ऑइलचं थारोळं साचत होतं. हिरवी, दोन सीटची, साठ वर्षं जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार. बॉनेट लांबलचक, छत बुटकं. अशा गाडीत माणूस बसत नाही, ती अंगात घालतो.

मी तीस वर्षं गाड्यांना एसी बसवतो. गिऱ्हाईक येतं, "गार करा" म्हणतं आणि चहाला जातं. अण्णासाहेबांची शिरोलीला लोखंड ओतायची फाउंड्री आहे, त्यामुळे ते अटी घेऊन आले होते. बॉडीला भोक नको. वेल्डिंग नको. डॅशबोर्डवर नवीन बटण नको. हिवाळ्यात जुन्या गाड्यांची रॅली असते आणि तिथं 'ओरिजिनल' गाडीला कप मिळतो.

"मग एसी तरी कशाला?" मी विचारलं.

उत्तर स्टुलावर बसलेल्या वैनींनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी दिलं. "गेल्या उन्हाळ्यात ह्या गाडीतनं जोतिबाला निघालो. अर्ध्या घाटात माझी चप्पल मऊ पडली. पायाखाली इंजिन आन् डोक्यावर पत्रा. मागनं शिटा भरत वडापची जीप येत हुती. हात केला, तिच्यात बसले आन् गेले."

"तवापासनं बसत न्हाई ही," अण्णासाहेब म्हणाले. इतिहासाबद्दल ते पुस्तकी मराठीत बोलायचे. बायकोबद्दल बोलताना कोल्हापुरीवर यायचे. "रॅलीत समद्यांच्या शेजारी कोण ना कोण असतंय. माझ्या शेजारी पाण्याची बाटली."

"एकदा बसंन," वैनी म्हणाल्या. "जोतिबापत्तोर. पुन्यांदा तापली तर ह्यांनी खुशाल एकट्यानं मिरवावं."

म्हणजे काम एसीचं नव्हतंच. काम त्या डाव्या सीटचं होतं.

एसी समजायला सोपा आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. कंडेन्सर त्या गॅसची उष्णता बाहेर फेकतो. आत इव्हॅपोरेटर नावाची जाळी असते, ती गार पडते आणि ब्लोअर तिच्यातून हवा मारतो. अवघड असतं ते एवढं सगळं ठेवायचं कुठं, हे. या गाडीत दोन माणसं आणि एक टोपी एवढीच जागा.

दोन दिवस मी नुसता डॅशबोर्डखाली डोकं घालून पडलो. मग एक पेटी सापडली. हीटर! ज्या देशात ऊन पडलं तर बातमी होते, तिथली गाडी ती. पेटीत ब्लोअर होता, पुढच्या काचेच्या बुडाशी बाहेरची हवा घेणारी जाळी होती, आणि गरम पाण्याच्या नळ्यांसाठी इंजिनकडच्या पत्र्यात दोन भोकं होती. कंपनीनंच पाडलेली. मूळची.

मी पेटीतली गरम पाण्याची जाळी काढून जपून ठेवली आणि तिथं इव्हॅपोरेटर बसवला. बोटभरसुद्धा जागा उरली नाही. गॅसच्या नळ्या त्याच दोन भोकांतून नेल्या. ज्यानं ही पेटी आखली, त्याला कोल्हापूर ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्यानं काम इतकं नेटकं केलं होतं की साठ वर्षांनी उलटं वापरलं तरी चाललं. डॅशबोर्डवर 'हीट' लिहिलेली खुंटी होती. ती फिरवली की आता थंड हवा येते.

अडलं कॉम्प्रेसरपाशी. तो इंजिनला घट्ट धरायला बिडाचं ब्रॅकेट लागतं आणि या इंजिनाचं ब्रॅकेट बाजारात मिळत नाही. इंजिनाच्या कुशीत वापरात नसलेली चार बोल्टची भोकं होती, तेवढाच आधार.

"बघू," अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ काढलं, अंगठ्या काढल्या, आणि कोट माझ्या गॅस सिलिंडरवर टांगला.

मला ते शेठ म्हणूनच माहीत होते. त्यांनी आयुष्याची सुरुवात पॅटर्नमेकर म्हणून केली होती. बीड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, तो करणारा कारागीर. त्यांनी मापं घेतली, फाउंड्रीत जाऊन स्वतः लाकूड तासलं आणि ब्रॅकेट ओतून आणलं. पहिलं इंजिनाच्या थरथरीनं तडकलं. तडा कुठून सुरू झाला ते त्यांनी बोटानं पाहिलं, तिथं जाडी वाढवली आणि दुसरं आणलं. चारही बोल्ट हातानं बसले.

"नमुना मापापेक्षा जरा मोठा ठेवायचा, मिस्त्री," ते म्हणाले. "गार होताना आकसतंय."

हे त्यांच्याबाबतीतही खरं होतं. त्या आठवड्यात इतिहास हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

एक भीती उरली होती. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं बसतो, त्यामुळे चढावर इंजिन तापतं. म्हणून मी एक स्विच लावला होता. इंजिन तापलं की एसी आपोआप बंद, निवलं की चालू. तेवढा वेळ आत बसलेल्यानं सोसायचं.

रविवारी दोघं निघाले. मी मोटरसायकलवर मागं. अर्ध्या घाटात, बहुतेक त्याच वळणावर, डावीकडची काच खाली आली. म्हणजे स्विच पडला होता. नेमकी तेव्हाच वडापची एक जीप हॉर्न देत आली आणि गाडीच्या बरोबरीनं हळू झाली.

"जोतिबा, जोतिबा! मावशी, येताय का?"

हिरव्या बांगड्यांचा हात खिडकीतून बाहेर आला. मी मनातल्या मनात ब्रॅकेट भंगारात घातलं.

हात हलला. पुढं जा, अशा अर्थानं. जीप गेली. चढ संपता संपता काच वर गेली.

डोंगरावर मात्र गुलाल असतो, हे मी जन्मभर कोल्हापुरात राहून विसरलो. अशी गाडी पाहून पोरांना चेव आला. "चांगभलं!" म्हणत त्यांनी मुठी भरभरून गुलाल काचेच्या बुडाशी टाकला. बाहेरची हवा घेणारी जाळी तिथंच. ब्लोअर फुल. आतून काच गुलाबी झाली, मग काही दिसेना.

दार उघडलं. अण्णासाहेब मिशीपर्यंत गुलाबी होते. वैनी हसत होत्या, डोळे पुसत होत्या, परत हसत होत्या.

"गार गुलाल पयल्यांदाच बघितला की ओ!"

यावरून व्यावसायिक धडा एवढाच: जोतिबाला जाताना बाहेरच्या हवेची झडप बंद ठेवावी.

रॅलीला वैनी डाव्या सीटवर होत्या. परीक्षकांनी बॅटरी घेऊन गाडी तासभर तपासली. नवीन भोक सापडलं नाही. एसीही सापडला नाही. बिडाच्या ब्रॅकेटवर एकानं हात फिरवला आणि जुन्या लोकांचं काम वेगळंच होतं, असं म्हणाला. अण्णासाहेबांनी मान डोलावली. मीही.

कप दुसऱ्या गाडीला मिळाला. सीटचा गुलाबी रंग कंपनीचा नव्हता.