मधल्या खळग्यातला रंग

शालनवहिनी गेली त्याला पाच आठवडे झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. मी बँकेतून नुकतीच वाशीच्या घरी आले होते, तेवढ्यात शेजारच्या काकूंकडे माझ्यासाठी फोन आला. पलीकडून माझा भाऊ, दादा, एवढंच म्हणाला, "ये. संपलं." कावीळ झाली होती, दोन आठवडे हॉस्पिटलात होती, तरी असं होईल असं कुणाच्याच मनात नव्हतं... खांदेश्वरला त्यांच्या घरी पोचले तर बाहेरच्या खोलीत बायका बसलेल्या आणि एकच पालुपद चाललेलं : बिचारी फार सोशीक होती हो. सोशीक? वहिनी अजिबात सोशीक नव्हती. तिला चांगला सणसणीत राग यायचा, फक्त तो ऐकून घ्यायला आमच्यापैकी कुणाला वेळ नसायचा. आणि आता तेराव्यापासून तिची मुलगी मुग्धा, दहावीतली पोर, बापाशी एक शब्द बोलत नाहीये. कारण सांगितलं तर लोक हसतील. आप्पेपात्र घासलं म्हणून.

वहिनीला चित्रांचं वेड होतं, पण डोंगर-सूर्य-झोपडीचं नव्हे. मुग्धासाठी घरी मुलांचं एक मासिक यायचं, त्यात खाडीत होडी वल्हवणाऱ्या तारू नावाच्या मुलीची चित्रकथा असायची. मुग्धाचं ते वय सरलं, वहिनीचं काही सरलं नाही. आधी ती चौकटी पाडून चित्र जसंच्या तसं उतरवायची, मग तिने तारूला स्वतःच्याच गोष्टींत घातलं. तारू टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी, तारू सोसायटीच्या सेक्रेटरीला होडीत घालून पार खाडीपल्याड सोडून येतेय... सेक्रेटरी अगदी हुबेहूब. दुपारी ओटा आवरला की खिडकीखाली पाट मांडून बसायची. सामान तरी काय? बोटभर उरलेल्या पेन्सिली. पोस्टर कलरच्या बाटल्या, वाळल्या की पाणी घालून काडीने पुन्हा ढवळलेल्या. एक शून्य नंबरचा ब्रश, ओठांत धरून ती त्याला टोक आणायची. खोडायला पावाचा मऊ गर, कारण रबराने कागदाचं साल निघतं म्हणे. आणि रंग कालवायला सात खळग्यांचं आप्पेपात्र, तिच्या लग्नात आलेलं.

"अगं, खायचं भांडं ना हे?" मी एकदा विचारलं होतं. आम्ही एका वयाच्या, आमचं अगंतुगंच होतं.

"तुझ्या दादाला आप्पे आवडत नाहीत. नुसतं पडून राहण्यापेक्षा बरं," ती म्हणाली, आणि मान वर न करता रंगवत राहिली.

मासिकात तारूला गुलाबी छापायचे. वहिनीचा खरा राग त्यावर होता. "दिवसभर उन्हात वल्हं मारणारी पोरगी गुलाबी राहील का गं? यांनी खाडी तरी बघितलीय का?" बाजारात उलव्याची एक मासेवाली बसायची. वहिनी रंगाचे ठिपके काढलेली कागदाची पट्टी घेऊन तिच्यापुढे बसायची आणि ती पट्टी तिच्या मनगटाशी धरून बघायची. "हाताला काय बगतंस बाय, कोलबी बग, ताजी हाय," ती बाई म्हणायची, पण हात मागे घ्यायची नाही. गेरू, पिवळा, कणभर निळा, डिंकाचं पाणी... वर्षभर तारूच्या अंगाचा रंग काही जमेना. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी वहिनीने बूथवरून मला बँकेत फोन केला, "जमला गं!" तो रंग मधल्या खळग्यात राहायचा. वाळला की चार थेंब पाणी, संपत आला की उरलेल्यातच नवा कालवायचा, विरजणासारखा. प्रमाण तिने कुठे लिहून ठेवलं नाही. जुन्याशी ताडून नवा करायची, बस्स. बाकीचे सहा खळगे रोज धुवायची. मधल्याला हात लावायचा नाही, हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालेलं होतं.

तिने चित्रं मासिकाकडे पाठवली. साभार परत आली, छापील चिठ्ठीखाली पेनने लिहिलेलं : नायिकेचा वर्ण मूळ चित्राप्रमाणे असावा. वहिनीने ती चिठ्ठी मला दाखवून फाडली आणि पुढचं चित्र पाठवलं, तारू आणखी काळीसावळी करून. ते वाचून माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण त्या लोकांना तरी काय बोलायचं, घरचे आम्ही कुठले मोठे लागून गेलो होतो? पाहुणे यायचे असले की दादा म्हणायचा, "ते आवर." एकदा माझ्यादेखत म्हणाला, "चाळिशीची बाई आणि पोरांच्या मासिकातली चित्रं रंगवते. लोक काय म्हणतील?" वहिनी म्हणाली, "त्याच लोकांना गणपतीत रांगोळीला आणि बोर्ड लिहायला हीच चाळिशीची बाई फुकट चालते ना?" मी तिथेच बसले होते. मी हसले. तिच्या बाजूने बोलायचं सोडून मी फिदीफिदी हसले, याची मला आज लाज वाटते.

ती गेल्यावर दहा दिवस सुतक. अकराव्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळं घर धुऊन काढलं. अंथरुणं, पडदे, डबे, मांडणीवरचं एकूण एक भांडं. तेराव्याला पुण्याहून, साताऱ्याहून माणसं यायची होती. ती जेवून गेली, आणि संध्याकाळी मुग्धाने गादीखालून आईचं शेवटचं चित्र काढलं. तारू होडीत उभी, हिरवं लुगडं, मागे खाडी, किनाऱ्याचा चिखल, सगळं रंगवून झालेलं. चेहरा, हात आणि पाय तेवढे कोरे. अंग सगळ्यात शेवटी रंगवायचं ही वहिनीची पद्धतच होती. मुग्धाला ते पुरं करायचं होतं. ती वाटीत पाणी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"आत्या, आप्पेपात्र कुणी घासलं?"

दादा पाहुण्यांना सोडायला खाली गेला होता. मी म्हटलं, "बाबांनी आवरलं असेल."

तिला लगेच पटलं. का नाही पटणार? जन्मापासून त्याच्या तोंडून तिने 'ते आवर' हेच ऐकलेलं. तो वर आल्यावर तिने त्याला विचारलं, तर तो खाली बघून म्हणाला, "मी सांगितलं असेल कुणाला तरी... आठवत नाही." त्याने काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत त्याला पाणी दे म्हणायचीसुद्धा शुद्ध नव्हती. तरी त्याने ते अंगावर घेतलं, कारण आपण असं केलं असेल हे त्याला स्वतःलाही खरं वाटलं.

ते मी घासलं. काथ्या आणि पावडर घेऊन, अकराव्या दिवशी सकाळी. मधला खळगा लवकर निघेना, तर पाणी तापवून ओतलं. मला माहीत होतं तो कुठला रंग आहे ते. जमला तेव्हा तिने फोन मलाच केला होता. पण पुण्याच्या मावशी ओट्यापाशी येणार, खायच्या भांड्यात रंग बघणार, आणि मग लोक काय म्हणतील... माझ्या डोक्यात तेवढंच होतं. पाच आठवडे मी दादावर, मासिकावर, त्या बायकांवर धुसफुसतेय, आणि मुग्धासमोर उभं राहून हे एक वाक्य बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून पेपरात लिहितेय.

मुग्धा, तुझ्या बाबाने काही केलेलं नाही. बोलायचं नसेल तर माझ्याशी बोलू नकोस.