काशीमावशीचा बुधवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या पाळकसाहेबांना नाही, बायकोलाही नाही. सांगायला तोंड उघडलं की मी दुसराच एक किस्सा सांगून मोकळा होतो, आणि लोक हसतात. तोच आधी सांगतो. सवय आहे.

जव्हारजवळच्या एका मिशन शाळेत मी मराठी शिकवतो. अकरा-बारा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या सभेत मी मोठ्या आवाजात मांडलं, की आपल्या शाळेचा सगळा दिवस पवित्र शास्त्राभोवती फिरायला हवा. परिपाठाला वचन, जेवणाआधी वचन, भांडण झालं तरी आधी वचन. आणि वाचायचं सगळ्यांनी—शिक्षक, कारकून, शिपाई, स्वयंपाकीण. तक्ता मीच केला. पहिला दिवस अर्थात माझा. तयारी राहून गेली होती, म्हणून पुस्तक उघडलं तिथून वाचत सुटलो, तर निघाली वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका. थांबायचं कुठे तेच कळेना. शेवटच्या पिढीपर्यंत पोचेस्तोवर पुढच्या रांगेतल्या दोघी उन्हात मटकन खाली बसल्या. आमचे कारकून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वाचता तेव्हा मुलं डोळे मिटतात. भक्तीनंच असेल, नाही?"

हसलात ना? मीही हसतो. तो टोमणा मला किती लागला होता, ते मात्र सांगत नाही.

बुधवार काशीमावशीचा होता. ती साखरशेत गावची, वसतिगृहाचा स्वयंपाक तिच्याकडे. तक्ता लागला त्या दुपारी हात पदराला पुसत ती माझ्याकडे आली. "गुरुजी, मना वाचता नाय येत. पन माजा बुधवार काढू नका. आन कुनाला सांगू बी नका."

मग दर मंगळवारी, मुलांची जेवणं उरकली की चुलीपाशी बसून मी तिला दुसऱ्या दिवसाचा उतारा वाचून दाखवायचो. दोनदा ऐकला की तिला पाठ. बुधवारी ती पुस्तक उघडं धरून उभी राहायची, आणि पानाकडे बघायचं नसल्यामुळे मुलांकडे बघायची. पेरणाऱ्याचा दाखला सांगताना खडकाळ जमिनीऐवजी तिच्या तोंडून 'वरकस' निघून गेलं—आमच्याकडची डोंगरउतारावरची हलकी जमीन, नाचणीची. मुलं सावरून उभी राहिली. आपल्या बापाचं शेत शास्त्रात! पुढे तांदूळ निवडताना मुली तिच्याबरोबर वचनं म्हणायला लागल्या. भांडणं मिटवायला मुलं माझ्याकडे नाही, स्वयंपाकघरात जायची. मी सभेत जे बोललो होतो ते माझ्या तक्त्यानं नाही, तिनं करून दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. नाही का?

नाताळाच्या आधी संस्थेचे पाहुणे आले. नेमका बुधवार. मावशीचा उतारा संपला तरी कुणी हललं नाही. पाहुणे माझ्याकडे झुकून म्हणाले, "या बाई तुमच्यापेक्षा चांगलं वाचतात हो." गमतीनंच म्हणाले. आणि मी—मी हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मावशी, फार सुंदर. आता पुढचा अध्यायही वाचा ना."

एवढंच. एक वाक्य, तेही गोड आवाजात.

तिनं पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मला पुढे होऊन पुस्तक हातात घेता आलं असतं. तिचा घसा बसलाय म्हणता आलं असतं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. किती वेळ? माहीत नाही. मग तिनं पुस्तक मिटलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मना वाचता नाय येत." मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुपारी मुख्याध्यापकांनी तक्त्यावरून तिचं नाव खोडलं. शास्त्राच्या बाबतीत तरी फसवणूक नको, म्हणाले. मी मान डोलावली.

सुट्टी लागेपर्यंत तिनं स्वयंपाक केला. परिपाठाला मात्र फिरकली नाही. जायच्या दिवशी, परत येणार नाही हे सांगायला, मुद्दाम मला भेटली. माझी समजूत घालायला लागली. "तुमी इसरलात, गुरुजी. होतं आसं. मनात ठेवू नका."

"हो," मी म्हणालो, "विसरलोच बघा."

मी विसरलो नव्हतो. तिला वाचता येत नाही हे त्या परिपाठाला एकट्या मलाच माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी ते वाक्य बोललो. शाळेत सगळे आजही समजतात, की बिचाऱ्या गुरुजींना कल्पनाच नव्हती. आणि ती, मी विसरलो असंच समजून गेली.

बुधवार आता माझ्याकडे आहे. पेरणाऱ्याचा दाखला आला की मी 'खडकाळ' वाचतो, आणि कानात दुसराच शब्द पडतो, तिच्या आवाजात. खोडाळ्याच्या बाजारात तिच्या चणीची पाठमोरी बाई दिसली तरी मी दुसऱ्या वाटेनं वळतो. त्या वाक्याला मी कुठलीही सबब देणार नाही. होता तो हेवा, दुसरं काही नाही.

इथवर लिहून कागद बायकोपुढे ठेवले. भाजी निवडायची थांबून तिनं सगळे वाचले, नीट घडी घातली. मग म्हणाली, "सगळं लिहिलंत. पण तिला वाचून कोण दाखवणार?"