मला चहा चालत नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. केळझरच्या गणपतीपुढे एकदा याच कारणासाठी जाऊन उभी राहिले, तर तिथेही तोंड उघडलं नाही — सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम पडू दे, एवढंच मागून परत आले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर असू द्या, एकदाचं कळू द्या.

सगळ्याची सुरुवात एका साध्या वाक्यापासून आहे — "मला चहा चालत नाही." किती निरुपद्रवी वाटतं, नाही? पित्ताचा त्रास असलेली कुठलीही बाई म्हणेल. पण मला पित्त नाही. मला सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो, अकराला लागतो, आणि चारला नाही मिळाला तर माझं डोकं चढतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. मग मी ते वाक्य कुठे बोलायचे?

थांबा, आधी काम सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका पाहणीत घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम करायचे. मोठी माणसं दिवसभरात काय काय पितात, त्यातून पोटात किती साखर आणि किती कॅलरी जाते, असा विषय. वय, शिक्षण, कामधंदा, लग्न झालंय का, चालणं-फिरणं किती, आणि मग मुख्य प्रश्न : काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय प्यायलात? चहा, ताक, शरबत, बाटलीतलं थंडगार. दारूचाही रकाना होता. आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे त्या रकान्यात घरोघरी साधुसंतच राहत होते. ते खोटं माझं नाही, त्यांचं आहे. माझं पुढे येतंय.

आम्हाला मापाचा एक प्लास्टिकचा पेला दिला होता, बाजूला रेघा असलेला. नियम एकच, आणि पाहणीचं काम बघणाऱ्या सरांनी तो तीनतीनदा बजावला होता. कप म्हटलं की कप लिहायचं नाही. ते माणूस रोज ज्यातून पितं ते भांडं मागून घ्यायचं, आपल्या हातात धरायचं, ते जिथपर्यंत भरतात तिथपर्यंत पाणी भरायचं, मग ते आपल्या पेल्यात ओतून रेघ वाचायची. अंदाजपंचे काही नको.

मी राहते बोरगाव मेघेला. आमच्या कॉलनीत शिक्षक, कारकून, बँकेतले, एकदोन वकील. तिथे मी हे काम इतकं चोख केलं की काय सांगू! एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "मी बिनसाखरेचाच घेतो." त्यांच्या बायकोने त्यांच्यामागून मला दोन चमच्यांची खूण केली. मी त्यांचा कप घेतला, पाणी भरलं, मोजलं, दिवसातून सहा वेळा घेतात हे काढून घेतलं, साखरेचा चमचासुद्धा बघितला. आणि त्यांच्याकडचा चहाही घेतला. त्या गल्लीत एका दिवसात मी पाच ठिकाणी चहा घेतला. पाचही ठिकाणी चालला.

मग हिंगणघाटची यादी आली.

कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे एक वस्ती आहे. बुद्धविहार, त्यापुढे हातपंप, दोन्ही बाजूंना घरं. स्वच्छ घरं — हे मी मुद्दाम लिहिते, कारण "तिथे अस्वच्छ होतं" असं सांगून सुटायची वाट मी स्वतःला ठेवणार नाही. पहिल्याच दारात आत भांड्यांचा आवाज झाला. बाई म्हणाली, "बसा ताई, चहा मांडतो." आणि माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं. कुणी शिकवलं नव्हतं. ओठांवर तयारच होतं. मग त्या वस्तीत दारोदार तेच सांगत गेले.

आमच्या घरी सोवळं-ओवळं नाही, असं आम्ही फार छाती पुढे काढून सांगतो. नवऱ्याचे त्या समाजातले मित्र आमच्याकडे येतात, बसतात. ते आमच्या कपातून पितात, यात आम्हाला केवढा मोठेपणा वाटतो! पण त्यांच्या कपातून मी? — तेव्हा हात का आखडला? कारण जात. झालं, लिहिलं. एवढं दोन अक्षरांचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आता चहा टाळला ते एक वेळ माझ्यापुरतं होतं. पण भांडं हातात घ्यायचं होतं ना? तेही मी घेतलं नाही. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात पेन, असे दोन्ही हात मुद्दाम गुंतवून ठेवायचे. मापाचा पेला पिशवीतच. त्या सबंध वस्तीत त्याला पाण्याचा थेंब लागला नाही. मी सगळ्यांपुढे एकच माप लिहीत गेले : कप, शंभर मिली. घरामागून घर, शंभर मिली.

त्यात विमलबाई होत्या. चाळिशीच्या, जिनिंगमध्ये कापूस वाहायचं काम, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. त्यांनी मनापासून उत्तरं दिली. माणूस सहसा देत नाही, पण त्यांनी दिली. "उठल्याबरोबर एक गिलास, कामावर जायच्या आंधी एक, दुपारी एक, घरी आलो का एक. जेवाले येळ कुठी भेटते ताई? चहावरच दिवस निंगते." साखर किती म्हटलं तर हसल्या. "गोड नसन तं अंगात ताकद कशी येईन?" मग आत गेल्या आणि स्वतःचा गिलास घेऊन आल्या. स्टीलचा, उभा, लस्सीला वापरतात तसा. पदराने पुसून माझ्यापुढे धरला.

मी म्हणाले, "असू द्या, दिसतोय."

आणि लिहिलं : कप, शंभर मिली, चार वेळा. गिलासाचा कप मी केला. त्या गिलासात तसे तीन कप सहज मावले असते. मला दिसत होतं. मी डोळ्यांनी बघत होते आणि हात दुसरंच लिहीत होता. त्या मात्र गिलास तसाच धरून उभ्या राहिल्या, मला अजून हवा असेल म्हणून.

सरांच्या नजरेला ते आलं होतं. म्हणाले, या वस्तीत सगळे अगदी सारखंच कसे पितात हो? तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी काय म्हणाले माहीत आहे? "गरीब लोक आहेत सर, सगळ्यांकडे तेच बारके कप असतात." सरांनी मान हलवली. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा दोष.

पुढे जिथे पिण्यातून साखर जास्त जाते असं फॉर्मवरून दिसलं, तिथे रक्तातली साखर फुकट तपासायचं शिबिर लागलं. कुठे लागलं असेल? आमच्या कॉलनीत. समाजभवनात. मुख्याध्यापक रांगेत पहिले. त्यांची वाढलेली निघाली, गोळी सुरू झाली, सकाळचं फिरणं सुरू झालं, अजून ठणठणीत आहेत. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले. हिंगणघाटच्या त्या वस्तीत कुणी गेलं नाही. तिथली माणसं माझ्या कागदावर फार कमी पीत होती.

मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले होते. बाकावर बसून कागदी कपातून चहा पीत होते. समोर चाकाच्या खुर्चीत एक बाई आणून ठेवली. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

"ताई, तुमी त्या चहा मोजणाऱ्या ना? आमच्या घरी आल्ता."

मी कप बाकाखाली सरकवला. विचार करायच्या आत सरकवला, पुन्हा तेच, शिकवल्याशिवाय. विमलबाईच होत्या. त्या सांगत होत्या. बोटाला जखम झाली, भरेना, काळी पडली, दवाखान्यात आणलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की साखर आहे. "काई मालूमच नोतं ताई. कोनी सांगतलंच नाई." तक्रार नव्हती आवाजात. आधी तपासलं असतं तर पाय वाचला असता, असं मला कोण्या डॉक्टरने सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायची छाती नाही माझी.

तेवढ्यात त्यांची सून कॅन्टीनमधून चहा घेऊन आली, सोबत रिकामे कप. विमलबाईंसाठी नव्हता, स्वतःसाठी होता. मला बघून तिने एक कप माझ्यासाठी भरायला घेतला. विमलबाईंनी तिचा हात धरला.

"त्याईले नोको देऊ वो. त्याईले चहा चालत नाई."

इतक्या वर्षांनी. पाय गेला, आणि माझं ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं. पाहुणीला त्रास नको म्हणून. "अजूनई नाई ना चालत, ताई?"

बाकाखालचा कप माझ्या चपलेला टेकलेला होता, अजून गरम होता. तिच्या हातून तो दुसरा कप घ्यायचा होता, बस. एवढंच करायचं होतं.

मी म्हणाले, "नाही. अजूनही नाही चालत."

त्यांनी सुनेला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. ती निघायच्या आत माझ्या सासूबाईंचा नंबर लागला, आणि मी उठून गेले.

आमच्या घरी माझा कप ठरलेला आहे, निळ्या काठाचा. तो मी मोजला आहे. एकशे साठ मिली, दीड चमचा साखर, दिवसातून तीनदा. आज सकाळीही घेतला.